आधी कारखान्याचे पाणी तपासा, मग गटाराला जोडा

धाराशिव शहराची तहान आज मुख्यतः उजनी धरण भागवते. भीमा नदीवरच्या या धरणात पाणी येते ते पुणे जिल्ह्यातून. मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून वाहत पुढे भीमेच्या प्रवाहात सामील होतात. येताना त्या या शहरांचे सांडपाणी आणि तिथल्या उद्योगांचे पाणीही घेऊन येतात. उजनीच्या पाण्याला येणारा हिरवा रंग, काठाला माजणारी जलपर्णी, आळंदीजवळ इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस या बातम्या धाराशिवकरांना नव्या नाहीत. दुसऱ्या शहराने आपल्या गटारात काय सोडले, याचा परिणाम नळाच्या पाण्यावर कसा होतो, हे या शहराइतके जवळून फार थोड्या शहरांनी पाहिले असेल.

आता धाराशिव स्वतःच भुयारी गटार योजनेच्या वाटेवर आहे. या कामासाठी खोदलेल्या रस्त्यांचा त्रास शहराने सोसला आहे. दुसरीकडे शहराजवळ, बार्शी रस्त्यावरच्या कौडगाव औद्योगिक वसाहतीत टेक्निकल टेक्स्टाइल पार्क उभारण्याची घोषणा झाली आहे. रोजगार हवाच आहे. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्यात उद्योगाला कोणी नको म्हणणार नाही. पण गटाराचे जाळे आणि नवे उद्योग एकाच काळात येत असतील, तर एक प्रश्न आधीच सुटलेला असायला हवा. कोणाचे पाणी शहराच्या गटारात घ्यायचे, काय करून घ्यायचे आणि ते रोज तपासायचे कोणी?

वरवर हा अभियंत्यांचा आणि कार्यालयांचा प्रश्न वाटतो. पण त्याचा शेवट दवाखान्यात, शेतात आणि मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात होतो.

प्रक्रिया केंद्र काय करू शकते?

घरगुती सांडपाण्याचे प्रक्रिया केंद्र म्हणजे मुळात जीवाणू पाळण्याची जागा आहे. आधी जाळीतून कचरा अडवला जातो, वाळू आणि जड गाळ खाली बसवला जातो. मग मोठ्या टाक्यांत हवा सोडून जीवाणू वाढवले जातात. अंघोळीचे, स्वयंपाकघराचे आणि शौचालयाचे पाणी हे या जीवाणूंचे खाद्य असते. ते सेंद्रिय घाण खातात, त्यांची संख्या वाढते, त्यांचे पुंजके गाळ होऊन तळाशी बसतात आणि वरचे बऱ्यापैकी स्वच्छ पाणी बाहेर पडते.

या जीवाणूंना खाता येते त्याचीच प्रक्रिया होते. शिसे, क्रोमियम, निकेल, कॅडमियम हे धातू कोणताही जीवाणू पचवू शकत नाही. त्यातला बराचसा भाग गाळाला चिकटतो आणि उरलेला पाण्यासोबत पुढे जातो. म्हणजे धातू नाहीसा होत नाही, त्याची जागा फक्त बदलते. पाण्यात विरघळलेले क्षार तर जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडतात. रंगाईतले अनेक रंग मुद्दामच टिकाऊ बनवलेले असतात. धुलाईत न उतरणारा रंग जीवाणूंनाही सहजासहजी दाद देत नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. एखाद्या रात्री कोणी आम्ल, सायनाइडयुक्त पाणी किंवा द्रावक गटारात ओतले, तर टाकीतले जीवाणूच मरतात. अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू तर फारच नाजूक असतात. ही वसाहत पुन्हा उभी राहायला काही आठवडे लागू शकतात. तोपर्यंत साऱ्या शहराचा मैला अर्धवट प्रक्रियेने नदीत जातो. एका टँकरची चूक लाखभर लोकांच्या सांडपाण्याला नडते.

म्हणून जगभर औद्योगिक सांडपाण्याचा मूळ नियम एकच आहे. ज्याची घाण त्याने आपल्या दारातच काढायची आणि शहराच्या केंद्राला पचेल एवढेच पाणी पुढे पाठवायचे. याला पूर्वप्रक्रिया म्हणतात.

कायदा काय सांगतो?

१९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा फक्त नद्यांपुरता आहे, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. या कायद्याच्या कलम २४ नुसार विषारी किंवा घातक पदार्थ ओढ्यात, विहिरीत, जमिनीवर आणि गटारातही सोडता येत नाहीत. कलम २५ नुसार औद्योगिक सांडपाणी गटारात सोडण्यासाठीही राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. कलम ३३ अ नुसार मंडळ कारखाना बंद करण्याचे, वीज आणि पाणी तोडण्याचे आदेश देऊ शकते. २०२४ च्या दुरुस्तीने या कायद्यातील अनेक गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद झाली. ही दुरुस्ती स्वीकारणाऱ्या राज्यांना ती लागू होते.

किती घाण चालेल, याचे आकडे पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या परिशिष्टात आहेत. तिथे नदी-तलावात सोडायच्या पाण्याचा एक रकाना आहे आणि सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्याचा वेगळा. हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचले की खरी गोष्ट कळते.

पाण्यातली सेंद्रिय घाण मोजण्याचे माप म्हणजे बीओडी, म्हणजेच जैविक ऑक्सिजन मागणी. नदीसाठी तिची मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे, गटारासाठी ३५०. तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा नदीसाठी १०० आहे, गटारासाठी ६००. ही सवलत समजण्यासारखी आहे, कारण पुढे जीवाणू आहेत आणि त्यांना हेच खाद्य हवे असते. खवा भट्टी, दूध संकलन केंद्र किंवा खाद्यपदार्थांचा कारखाना यांचे पाणी या रकान्यात बसले, तर शहराचे केंद्र ते पचवू शकते.

पण धातूंचे आकडे बघा. शिशाची मर्यादा नदीसाठी ०.१ मिलिग्रॅम आहे, गटारासाठी १. सायनाइडची नदीसाठी ०.२, गटारासाठी २. सर्वांत विषारी समजल्या जाणाऱ्या षट्‌संयुजी क्रोमियमची नदीसाठी ०.१, गटारासाठी २. म्हणजे दहापट ते वीसपट सवलत. मैलापाण्यात क्रोमियमचे विषारी रूप बऱ्याच अंशी कमी विषारी रूपात बदलते आणि धातू गाळात उतरतात, हे खरे. पण गाळ कुठे जातो? गाळात नत्र आणि स्फुरद असते, म्हणून तो खत म्हणून शेतात जाऊ शकतो. गटाराच्या रकान्यातली सवलत अशा वेळी शेतकऱ्याच्या खात्यावर उधार लिहिली जाते.

यावर उपायही त्याच नियमांत आहे. परिस्थिती पाहून राज्य मंडळ एखाद्या उद्योगाला यापेक्षा कडक मर्यादा घालू शकते. राष्ट्रीय मर्यादा पाळणे एवढ्यावर थांबायचे की शहराचे केंद्र, त्याचा गाळ आणि खालची शेती पाहून आकडे ठरवायचे, हा निर्णय स्थानिक पातळीवर घ्यावा लागतो.

केंद्रच नसेल तर?

गटाराच्या सवलती एका गृहीतकावर उभ्या आहेत. गटाराच्या शेवटी चालू स्थितीतले प्रक्रिया केंद्र आहे, असे त्यांत धरलेले असते. हे गृहीतक रुग्णालयांसाठीच्या नियमांत स्पष्ट शब्दांत आले आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रुग्णालय गटाराला जोडलेले नसेल, किंवा जोडलेले असूनही त्या गटाराच्या टोकाला प्रक्रिया केंद्र नसेल, तर रुग्णालयाच्या पाण्याला कडक मर्यादा लागू होतात. बीओडी ३०, घन पदार्थ १०० आणि त्यावर आणखी एक कसोटी. त्या पाण्यात मासे ९६ तास ठेवले, तर किमान ९० टक्के जगले पाहिजेत. टोकाला केंद्र असेल, तरच सर्वसाधारण गटाराचे सैल आकडे लागू होतात.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी रुग्णालये आहेत, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आहेत. त्यांच्या पाण्यात जंतुनाशके, प्रतिजैविकांचे अंश आणि औषधांना न जुमानणारे जंतू असू शकतात. उघड्या नालीत जाणारे असे पाणी आणि चालू केंद्राकडे जाणारे पाणी यांत कायदा फरक करतो आणि तो योग्यच आहे. योजनेचे पाइप टाकून झाले, पण केंद्र पूर्ण क्षमतेने सुरू झाले नाही, असा काळ अनेक शहरांत येतो. त्या काळात 'आम्ही गटाराला जोडलेले आहोत' हे उत्तर पुरेसे धरता येणार नाही. हेच तर्कशास्त्र कारखान्यांनाही लावले पाहिजे.

पाणी मिसळून पास होण्याची पळवाट

मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असते, म्हणून एक जुनी पळवाट कायम उघडी राहते. समजा, एका कारखान्यातून रोज १० हजार लिटर पाणी निघते आणि त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम क्रोमियम आहे. हे मर्यादेच्या दहापट झाले. कारखान्याने बोअरचे ९० हजार लिटर स्वच्छ पाणी त्यात मिसळले, तर प्रमाण २ मिलिग्रॅमवर येते आणि नमुना पास होतो. पण गटारात गेलेला धातू तेवढाच राहिला, दिवसाला २०० ग्रॅम. वर्षात ३०० दिवस काम चालले, तर ६० किलो. शिवाय ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ९० हजार लिटर भूजल केवळ आकडा खाली आणण्यासाठी खर्ची पडले.

म्हणून फक्त प्रमाण बघून भागत नाही. कारखान्यातून रोज एकूण किती लिटर पाणी बाहेर पडते आणि त्यात एकूण किती ग्रॅम धातू जातो, हे दोन्ही संमतीपत्रात बांधून घ्यावे लागते. कारखान्यात येणारे पाणी, बोअरचे पाणी आणि बाहेर पडणारे पाणी या तिन्हींवर मीटर असले, तर मिसळण्याचा प्रकार कागदावरच उघडा पडतो.

नमुना कुठे घ्यायचा, हेही तितकेच महत्त्वाचे. दहा कारखान्यांचे आणि पाचशे घरांचे पाणी एकत्र आल्यावर दोषी कोण, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. प्रत्येक जोडणीवर, शहराच्या गटाराला मिळण्याआधी, कुलूप लावता येईल असे तपासणी चेंबर हवे. दुपारी ११ वाजता बाटली भरून घेतलेला नमुना रात्री २ वाजता काय सोडले ते सांगत नाही. त्यासाठी २४ तासांत थोडे थोडे गोळा केलेले मिश्र नमुने लागतात. बीओडीची प्रमाणित चाचणी भारतात २७ अंश तापमानाला ३ दिवस चालते. म्हणजे निकाल हाती येईपर्यंत ते पाणी केव्हाच नदीत पोहोचलेले असते. आम्लता, क्षारता आणि रंग यांची जागच्या जागी, मिनिटांत होणारी तपासणी म्हणूनच रोजच्या पहाऱ्यासाठी उपयोगी ठरते.

इतरांनी मोजलेली किंमत

कानपूरजवळच्या जाजमऊमध्ये गंगा कृती योजनेखाली १९९४ मध्ये रोज ३ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे केंद्र सुरू झाले. त्यात चामडे कमावणाऱ्या कारखान्यांचे ९० लाख लिटर आणि शहराचे २ कोटी ७० लाख लिटर मैलापाणी एकत्र करायचे, अशी रचना होती. कारखान्यांनी क्रोमियम आपल्याकडेच परत मिळवायचा, ही त्यामागची अट होती. ती नीट पाळली गेली नाही. केंद्रातून बाहेर पडलेले पाणी आसपासच्या गावांतल्या शेतीला दिले गेले आणि क्रोमियम मातीत उतरला. केंद्र बांधले, वीज जळाली, पैसा खर्च झाला. पण दारातली पूर्वप्रक्रिया हुकली आणि त्याचे ओझे शेतजमिनीवर आले.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहराने याच चुकीची दोन रूपे पाहिली. मार्च १९७७ मध्ये एका कचरा वाहणाऱ्या व्यावसायिकाने कीटकनाशक उद्योगातली विषारी रसायने बेकायदा गटारात ओतली. केंद्रातले कामगार आजारी पडले, केंद्र सुमारे ३ महिने बंद ठेवावे लागले आणि शहराचा मैला थेट ओहायो नदीत गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कारखान्यांच्या पूर्वप्रक्रियेचे राष्ट्रीय नियम लागू केले. तरीही १३ फेब्रुवारी १९८१ रोजी त्याच शहरात सोयाबीन प्रक्रिया कारखान्यातून हेक्झेन हे ज्वलनशील द्रावक गटारात गेले. त्याच्या वाफेने पेट घेतला आणि सुमारे ३ किलोमीटर लांबीचे रस्ते उखडले गेले. पहाटेची वेळ असल्याने सुदैवाने जीव वाचले. धाराशिव आणि लातूर हा सोयाबीनचा पट्टा आहे, त्यामुळे हे उदाहरण इथे परके मानू नये.

महाराष्ट्रातले उदाहरण उल्हासनगरचे आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि शेकडो रहिवाशांना मळमळ, श्वास कोंडणे असा त्रास झाला. याच शहरात जीन्स धुण्या-रंगवण्याचे शेकडो छोटे कारखाने दाट वस्तीत चालत होते आणि निळे पाणी नाल्यावाटे वालधुनीत जात होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१७ मध्ये ते बंद करावे लागले आणि हजारो मजुरांचे काम गेले. वेळीच सामूहिक प्रक्रियेची सोय आणि तपासणी झाली असती, तर पाणीही वाचले असते आणि रोजगारही. नियम ढिला ठेवण्याची किंमत शेवटी कामगारच मोजतो.

मॅनहोलमधला माणूस

गटाराचा विचार बहुतेक वेळा पाण्यापुरता होतो. पण गटारात माणसेही उतरवली जातात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या येत राहतात.

या मृत्यूंमागे बहुधा हायड्रोजन सल्फाइड हा वायू असतो. साचलेल्या मैल्यात तो तयार होतोच. पण त्या मैल्यात कारखान्याचे आम्ल मिसळले, तर पाण्यात बांधलेला सल्फाइड वायूच्या रूपात झपाट्याने मोकळा होतो. या वायूला सडलेल्या अंड्याचा वास येतो, पण त्या वासावर विसंबता येत नाही. हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १०० च्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. 'आता वास गेला' असे वाटणारा माणूस प्रत्यक्षात जास्त धोक्यात असतो. प्रमाण आणखी वाढले तर काही श्वासांतच शुद्ध हरपते. गटारात सोडायच्या पाण्याची आम्लता ५.५ ते ९ सामूच्या मध्ये हवी, ही अट पाइप वाचवण्यासाठी आहेच. त्याहून अधिक ती या माणसासाठी आहे.

कौडगावचे पाणी आणि नव्या रसायनांचा प्रश्न

टेक्निकल टेक्स्टाइल म्हणजे साड्या-चादरींपेक्षा वेगळे कापड. रुग्णालयातले गाऊन, अग्निरोधक पोशाख, पाणी न शिरणारी ताडपत्री, शेतीतली जाळी, वाहनांतले कापड असे त्याचे प्रकार आहेत. यातली सगळीच उत्पादने पाणी खराब करत नाहीत. विणकाम आणि शिवणकामाला पाणी फार कमी लागते. प्रश्न येतो तो रंगाई, लेपन आणि अंतिम संस्करण या टप्प्यांत.

पाणी आणि तेल न चिकटणाऱ्या कापडासाठी जगभर पीएफएएस या गटातली फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली. ती निसर्गात इतकी टिकतात की त्यांना 'कायमची रसायने' म्हणतात. मैलापाणी केंद्रातले जीवाणू त्यांचे काही करू शकत नाहीत. या रसायनांची निर्माती असलेल्या थ्रीएम कंपनीने २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे जाहीर केले. आपल्याकडे सार्वजनिक गटारासाठीच्या सर्वसाधारण मर्यादांच्या यादीत या गटाचे नावही नाही. म्हणजे एखाद्या कारखान्याचे पाणी यादीतले सगळे आकडे पाळूनही हे रसायन वाहून नेऊ शकते. यावरचा सोपा मार्ग म्हणजे परवानगी देतानाच कोणती रसायने वापरणार, हे विचारणे आणि काही रसायने दारातच नाकारणे. पाण्यात मिसळल्यावर ती काढणे फार खर्चाचे आहे.

कौडगाव शहराच्या हद्दीबाहेर आहे आणि औद्योगिक वसाहतीचा कारभार औद्योगिक विकास महामंडळाकडे असतो. संमतीपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. शहराचे गटार नगर परिषदेचे असते. तीन कार्यालये असली की एकाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे सोपे होते. वसाहतीतच स्वतंत्र सामूहिक प्रक्रिया केंद्र उभारून पाणी पुन्हा कारखान्यांतच वापरायचे असेल, तर तसे पहिला कारखाना सुरू होण्याआधी ठरले पाहिजे. ते पाणी टँकरने किंवा पाइपने शहराच्या गटारात येणार असेल, तर त्याच्या अटीही आधीच लिहिल्या गेल्या पाहिजेत. जिल्ह्यातले साखर कारखाने आणि डिस्टिलरी यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांचे पाणी शहराच्या गटाराबाहेरचे आहे. पण रात्री कुठेही रिकामा होणारा टँकर ही अडचण सगळ्यांचीच आहे.

पहिली जोडणी देण्याआधी

धाराशिवच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. ज्या शहरांत गटारे शंभर वर्षे जुनी आहेत, तिथे कोणाचा पाइप कुठे जोडलेला आहे, हेच कोणाला माहीत नसते. नव्या योजनेत प्रत्येक जोडणी नोंदवून देता येते. ही संधी एकदाच मिळते.

पहिले काम म्हणजे यादी. मोठ्या कारखान्यांपेक्षा छोट्या कामांची यादी जास्त महत्त्वाची. गॅरेज आणि गाड्या धुण्याची केंद्रे, सराफ बाजारातली आम्ल वापरणारी कामे, मुलामा देणारे, बॅटरी दुरुस्ती, छापखाने, लाँड्री, मांसविक्रीची दुकाने, मंगल कार्यालये, हॉटेले. यातल्या बहुतेकांना मोठे यंत्र लागत नाही. हॉटेलाला तेल-चरबी अडवणारी टाकी पुरते, गॅरेजला तेल वेगळे करणारा चेंबर पुरतो. सराफांचे आम्ल गटारात जाऊ न देता डब्यात गोळा करून अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठवता येते.

दुसरे काम उपविधींचे. १९६५ चा महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम नगर परिषदेला उपविधी करण्याचा अधिकार देतो. घरगुती आणि व्यावसायिक जोडणीचा अर्ज वेगळा, तपासणी चेंबर सक्तीचे, आत येऊन नमुना घेण्याचा हक्क, टँकरची नोंदवही आणि नियम मोडल्यास जोडणी तोडण्याची तरतूद, एवढे तरी त्यात असावे. कायदेशीर नमुना घेताना तो जागेवर दोन भागांत विभागून सीलबंद करण्याची पद्धत जल कायद्यात सांगितली आहे. ती न पाळल्यास खटला तिथेच संपतो. म्हणून नगर परिषदेच्या कर्मचाऱ्यांना हे प्रशिक्षण मंडळाकडूनच मिळायला हवे.

तिसरे काम पैशाचे. २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रिया यंत्रणा चालू नसलेल्या उद्योगांना ३ महिन्यांच्या नोटिशीनंतर बंद करण्याचा आदेश दिला. सामूहिक आणि शहरी केंद्रांचा खर्च वापरणाऱ्यांकडून वसूल करण्याची व्यवस्था उभारायलाही सांगितले. पाण्याच्या लिटरबरोबरच त्यातल्या घाणीवर आकार लावला, तर कारखानदार स्वतःहून पाणी वाचवतो. असा आकार नसेल, तर कारखान्याची घाण काढण्याचा खर्च नगर परिषदेच्या करातून, म्हणजे सामान्य घरांतून जातो.

लघुउद्योजकांची तक्रार इथे ऐकायलाच हवी. दहा कामगारांच्या कारखान्याला स्वतंत्र प्रक्रिया यंत्रणा परवडत नाही, हे खरे आहे. तपासणीच्या नावाखाली छळ होईल, ही भीतीही खोटी नाही. त्याचे उत्तर सामूहिक केंद्रात, ठरलेल्या आकारात आणि निकाल सर्वांना पाहता येतील अशा पारदर्शकतेत आहे. प्रत्येक जोडणीच्या तपासणीचा निकाल नगर परिषदेच्या फलकावर लागला, तर प्रामाणिक उद्योजकाला संरक्षण मिळते आणि चोरट्याला लपता येत नाही.

चौथे काम गाळाचे. केंद्रातला गाळ शेतात देण्याआधी त्यातले धातू ठराविक काळाने तपासले, तर शहरातल्या सगळ्या चोरीचा हिशेब एका ठिकाणी लागतो. गाळात अचानक निकेल वाढले, तर शहरात कुठेतरी मुलाम्याचे पाणी येते आहे, हे पाइपच सांगतो. हा सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे.

राज्याचे धोरण प्रक्रिया केलेले पाणी उद्योग आणि शेतीत पुन्हा वापरण्याचे आहे. दुष्काळी धाराशिवसाठी हे पाणी सोन्यासारखे ठरू शकते, पण ते पाणी धातू, क्षार आणि रसायनांपासून मुक्त असेल तरच. ते तसे नसेल, तर उद्योग ते घेणार नाहीत आणि ज्यांच्याकडे पर्याय नाही तो शेतकरी मात्र घेईल.

धाराशिवमधून वाहणारी भोगावती पुढे बार्शी तालुक्यातून जाते आणि सीनेला मिळते. सीना हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. उजनीत पुण्याचे पाणी येते म्हणून तक्रार करणारे शहर स्वतःही त्याच भीमेच्या काठावरच्या कोणासाठी तरी वरचे गाव आहे. पुणे-पिंपरीकडून जी अपेक्षा धाराशिवकर ठेवतात, तीच खालची गावे धाराशिवकडून ठेवतील. ती पूर्ण करायची असेल, तर व्यावसायिक जोडणीच्या पहिल्या अर्जावर सही होण्याआधी उपविधींवर सही झालेली असली पाहिजे.